दोन ताटांतली फुलं

व्हिएतनामला मी कधी गेलेली नाही. माझा व्हिएतनामचा प्रवास टेक्सासमधल्या अर्विंग ते गारलंड एवढाच आहे. पंचवीस-तीस मैल, मध्ये दोन हायवे बदलायचे, आणि रविवारी सकाळी गर्दी नसली की चाळीस मिनिटांत पोचते. तरी मी त्याला प्रवासच म्हणते. पासपोर्ट लागत नाही एवढंच. बाकी परदेशात गेलेला माणूस जे जे करतो ते सगळं मी तिथे केलं आहे. नावं न कळता पदार्थ खाल्ले, भलत्या दाराशी चपला काढल्या, आणि एकदा तर माझ्या सख्ख्या आईला शेजारी उभी करून अशी चूक केली की ती आठवली की अजून मान खाली जाते आणि हसूही येतं.

या प्रवासाला कारण माझ्या ऑफिसातली एक बाई. ती व्हिएतनामी. टीममध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मला माझं जन्मसाल विचारलं. अमेरिकेत ऑफिसात कोणी कोणाला वय विचारत नाही आणि राग तर माझ्या नाकावरच असतो, त्यामुळे मी फणकाऱ्याने म्हणाले, "का? तुला काय करायचंय?" ती शांतपणे म्हणाली की त्यांच्या भाषेत वय कळल्याशिवाय धड 'तू' आणि 'मी'सुद्धा म्हणता येत नाही. समोरची मोठी बहीण आहे की धाकटी, मावशी आहे की भाची, हे आधी ठरावं लागतं, मगच तोंड उघडायचं. दिसेल त्याला काका नि काकू करणाऱ्या घरात वाढलेली मी, माझा राग तिथेच विरघळला. ती सहा वर्षांनी मोठी निघाली. त्यांचा मोठ्या बहिणीसाठीचा शब्द मी चार वेळा म्हणून पाहिला, चारही वेळा ती हसली आणि शेवटी म्हणाली, तुझ्या भाषेतलाच म्हण. तेव्हापासून ती ताई. मीटिंगमध्ये मी "ताई, कॅन यू शेअर युवर स्क्रीन" म्हणते आणि बाकीच्यांना ते तिचं नाव वाटतं.

ती चूक झाली त्या वर्षी जूनमध्ये माझी आई नागपूरहून आली. जानेवारीत बाबा गेले होते. इथून मी विमानात बसेपर्यंत तिथे सगळं उरकलं होतं. बाबांना मी शेवटचं पाहिलं ते फोनवर, आणि फोन धरणाऱ्या शेजारच्या काकांचा हात थरथरत होता म्हणून तेही धड दिसले नाहीत. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. ती माझ्या डोळ्यांसमोर राहील. तिला सहा महिन्यांची परवानगी मिळाली, मी नोव्हेंबरअखेरचं परतीचं तिकीट काढलं आणि मनातल्या मनात तेही पुढे ढकललं.

आईचा हिशेब निराळा होता. आमचं घर दीक्षाभूमीपासून चालत वीस मिनिटांवर. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, बाहेरगावाहून लोक येतात तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. वाशीमकडचं एक कुटुंब तर माझ्या लहानपणापासून येतं. आधी दोघं नवराबायको होते, आता नातवंडं धरून अकरा. बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून लोकांना वाट दाखवायचे आणि ओळख असो नसो, "चहा घेऊन जा" म्हणून घरी पाठवायचे. आई आत मोठ्या गंजात भात आणि वांग्याची भाजी शिजवत असायची. म्हणजे बोलावणारे बाबा आणि राबणारी आई, पण यावरून ती कधी कुरकुरलेली मला आठवत नाही. बाकी सगळ्यावरून कुरकुरायची.

"ऑक्टोबरच्या आधी मला घरी पोचव," ती आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात म्हणाली.

"आई, एक वर्ष नाही केलं तर काय होतं?"

"तुझ्या बाबानंतरचं पहिलंच वर्ष आहे ना हे. लोकं येतीन अन् दाराला कुलूप पाहतीन."

"आणि तुझं बीपी? गोळ्या कोण देणार?"

"मी काय लहान लेकरू आहो? अन् तू काय देतेस गोळ्या? तू तर दिवसभर त्या कम्प्युटरशी बोलून राहिली असतेस."

हे संभाषण आमच्यात रोज होत असे, शब्द थोडे इकडेतिकडे. मी ऑफिसला जायचे, आई अपार्टमेंटमध्ये. बाहेर टेक्सासचं ऊन, फुटपाथवर माणूस औषधाला नाही. संध्याकाळी ती पोहण्याच्या तलावाभोवती अकरा फेऱ्या मारायची. बारावी मारत नसे, कारण अकरा झाल्या की शेजारचा कुत्रा भुंकायचा. निवृत्त शिक्षिका, आख्ख्या मोहल्ल्याला दटावणारी बाई, आणि इथे तिच्याशी बोलायला एक कुत्रा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि मी तिकडे बघत नव्हते.

ताईची आई, ऐंशी ओलांडलेली, माझ्या आईसाठी दर आठवड्याला काहीतरी पाठवायची. कधी केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, कधी फणसाचे गरे. आईने फणसाचं कौतुक केलं आणि भातावर मीठ-मिरची टाकून तो सुधारला. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, पण डबे येत-जात होते. आईचा डबा रिकामा जात नसे. ऑगस्टच्या शेवटी ताई म्हणाली, "या रविवारी आमच्या मंदिरात आईवडिलांचा सण आहे. तुझ्या आईला घेऊन ये. माझी आई रोज विचारते."

मी लगेच हो म्हणाले. मनात कावा होता. आईला इथे चार माणसं, एक विहार मिळालं की ती नागपूर विसरेल असं मला वाटत होतं.

बुद्धाकडे जायचं म्हटल्यावर आईने पांढरी साडी काढली, मीही पांढरा कुर्ता घातला. आम्ही विहारात पांढरंच घालून जातो. वंदनेला, पौर्णिमेला, मंगल असो वा दुःखाचं, अंगावर पांढरं. त्याचा विचार करावा लागत नाही, हात आपोआप कपाटातल्या त्या कप्प्याकडे जातो.

मंदिर म्हणजे जुन्या वस्तीतलं एक रुंद बैठं घर, त्याला कमानदार लाल छप्पर चढवलेलं, आणि अंगणात दोन मजली उंचीची पांढरी स्त्रीमूर्ती, हातात छोटा कलश. आई गाडीतून उतरली ती कंबरेवर हात ठेवून उभी.

"ही देवी कोण?"

"देवी नाही आई, बोधिसत्त्व आहे. करुणेची."

"बोधिसत्त्व बाई कधीपासून झाले?"

"यांच्याकडे झाले."

"चांगलं झालं," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली. आईचं असं आहे, ती आधी विरोध करते, मग उत्तर पटलं तर सोडून देते. माझ्यात फक्त पहिला गुण उतरला आहे.

आमच्यामागून आलेली ताई तिची गाडी लावायला लांब गेली होती. दारात दोन मुली उभ्या होत्या, लांब निळ्या झग्यातल्या, आणि त्यांच्यापुढे टेबलावर दोन ताटं. एकात लाल कापडी गुलाब, दुसऱ्यात पांढरे, प्रत्येकाला टाचणी. लोक येत होते, फूल घेत होते, छातीवर लावून आत जात होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "बघ, इथेही आपल्यासारखंच. लाल हौशी लोकांसाठी, आणि आपण पांढरं." मी दोन पांढरी फुलं उचलली, एक आईच्या पदराला लावलं, एक स्वतःच्या कुर्त्याला.

मुलगी माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आय ॲम सॉरी." टाचणी टोचली का म्हणून विचारते आहे असं वाटून मी म्हणाले, "नो नो, आय ॲम फाइन," आणि छान हसले. तिने डोळे मोठे केले.

पुढचा पाऊण तास मी जगातल्या सर्वांत मायाळू लोकांमध्ये काढला. एका आजोबांनी मला बघून हात जोडून मान लववली. एका बाईने स्वतःची उशी काढून मला बसायला दिली. आणखी एकीने काही न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो बराच वेळ काढलाच नाही. आईलाही तेच. "केवढे प्रेमळ लोक आहेत वं," आई कुजबुजली. मी अशी मान डोलावली की जणू हे प्रेम मीच ऑर्डर करून मागवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा त्या दिवशी गोठाच रिकामा होता.

वंदना सुरू झाली. करड्या झग्यातली माणसं, पोकळ लाकडावर टोक-टोक असा ठेका, मध्येच घंटेचा जाड आवाज. शब्द एकही कळत नव्हता, पण दर ओळीच्या सुरुवातीला 'नमो'सारखं काहीतरी येत होतं आणि ते आलं की आईचे ओठ हलत होते. समोरच्या रांगेतल्या लाल फुलवाल्या एका माणसाचे डोळे वाहत होते. मला वाटलं, उदबत्तीचा धूर.

वंदना संपली तेव्हा ताई आणि तिची आई आमच्याकडे आल्या. आजी एवढीशी, करडा झगा, छातीवर पांढरं फूल. तिने आधी माझ्या आईचे दोन्ही हात धरले. मग तिची नजर माझ्या कुर्त्यावर गेली. तिच्या तोंडून असा चीत्कार निघाला की भिंतीशी बसलेले लोक वळले. तिने माझ्या कुर्त्यावरचं फूल ओरबाडून काढलं, माझ्या हातावर चक्क एक चापट मारली, आणि तुरुतुरु दाराकडे गेली. परत आली ती लाल फूल घेऊन. ते तिने माझ्या छातीवर लावलं आणि तळहाताने दोनदा दाबलं.

"ताई, काय झालं?"

ताईचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता. "लाल म्हणजे आई जिवंत आहे," ती म्हणाली. "पांढरं म्हणजे आई गेली."

पाऊण तासाची ती माया, उशी, पाठीवरचा हात, सगळं एकदम उलगडलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं, कुर्त्यासकट.

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

सांगावं लागलं. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. जानेवारीनंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाप्पा बाप्पा! जितेपणी मारलं मले या पोरीनं!" ती म्हणाली. "तीन महिने कोंडून ठेवलं, आता फूल पण लावून दिलं!"

आजीला काही समजलं नव्हतं तरी तीही हसत होती. मीही हसले. पण 'कोंडून ठेवलं' हे मला लागलं. चेष्टेत बोललेलं खरं असतं, हे मला कोणी शिकवायला नको.

मग आईने स्वतःच्या पदराकडे पाहिलं. तिचं फूल पांढरंच होतं, आणि ते बरोबर होतं. तिची आई, भंडाऱ्याकडे बिड्या वळणारी माझी आजी, मी तिसरीत असताना गेली. "माझ्या मायचं," आई त्या फुलावर बोट ठेवून म्हणाली. "चाळीस वर्षं होत आले, कोणी विचारलं नव्हतं की माय आहे का नाही."

जेवणाआधी आजी आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे भिंतभर फोटो, गेलेल्या माणसांचे, आणि त्यांच्यापुढे केळी, संत्री, छोट्या छोट्या कपांत चहा. आईच्या कपाळाला आठी पडलेली मला बघायचीही गरज नव्हती.

"हे काय? पिंडदान करतात काय बुद्धाच्या घरात?" ती मला मराठीत म्हणाली. "आपल्या बावीस प्रतिज्ञांत हे बसत नाही बाई."

"आई, हळू. त्यांचं त्यांच्यापाशी."

आजीने एका फोटोकडे बोट केलं. कॉलर बंद केलेला, गंभीर माणूस. तिचा नवरा. नावेतून देश सोडताना बरोबर होता, या गावात आणखी वीस वर्षं जगला. आजीने त्याच्यापुढचा कप उचलून कालचा चहा ओतून टाकला आणि थर्मासमधून ताजा भरला. अगदी सवयीने, माणूस आतल्या खोलीत असल्यासारखं.

आई बघत होती. आठी हळूहळू गेली. मग ती मला म्हणाली, "हिला एक विचार. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी घरी लोक आले तेव्हा काय केलं हिनं? बोलावणारा नव्हता, मग लोकाईले जेवू घातलं का नाही?"

प्रश्न कुठून आला हे मला लगेच कळलं. मी तो इंग्रजीत ताईला सांगितला, ताईने व्हिएतनामीत आजीला. आजी बराच वेळ बोलली. ताईने ऐकून घेतलं आणि इंग्रजीत मला सांगितलं. आजीचा मुलगा तेव्हा ह्यूस्टनला होता आणि तिने घर बंद करून कायमचं तिकडे यावं म्हणून हट्ट धरून बसला होता. ती गेली नाही. नव्या वर्षाला नवऱ्याची माणसं दरवर्षी यायची, ती त्या वर्षीही आली, तिने दार उघडं ठेवलं आणि एकटीने सगळ्यांना जेवू घातलं. ती म्हणाली, मुलगा माझ्या काळजीपोटी बोलत होता, पण काळजी त्याची होती आणि घर माझं होतं.

आता हे मराठीत सांगायचं काम माझं होतं. त्या खोलीत ही दोन्ही टोकं जोडणारी मी एकटीच. खोटं सांगणं फार सोपं होतं. 'मुलाकडे गेली आणि सुखी झाली' एवढं म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. खरं सांगते, ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

"काय म्हणाली?" आई माझ्याकडे बघत होती. तीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेली बाई. "खरं सांग."

मी खरं सांगितलं. सगळं, मुलाच्या हट्टासकट. काळजी त्याची आणि घर माझं, हेही. आईने आजीच्या हातातला थर्मास घेतला आणि त्याचं झाकण नीट लावून दिलं, कारण आजीच्या बोटांना ते जमत नव्हतं.

"त्या कपातला चहा प्यायला कोणी येत नाही," थोड्या वेळाने आई म्हणाली. "पण पाहुणे येतात. ते खरे असतात."

जेवण शाकाहारी होतं आणि आईचा जन्म रस्सा भुरकण्यात गेलेला. तांदळाच्या शेवया, तळलेले रोल, सोयाचं पनीर, आणि वर ढीगभर कच्चा पाला. "तुळशीचाच वास आहे याला," ती एक पान हुंगून म्हणाली, "आपल्याकडे बाया अंगणात लावून पूजा करतात, हे लोक खाऊन राहिले. हे बरं आहे." पर्समधून तिने मिरचीच्या ठेच्याची बाटली काढली. आजीने चमचाभर घेतला, खोकली, डोळे पुसले आणि आणखी एक चमचा घेतला. दोघींनी पुढचा अर्धा तास एकमेकींच्या ताटात वाढण्यात घालवला, आणि त्यासाठी त्यांना माझी गरज पडली नाही.

परत येताना हायवेवर आई खिडकीबाहेर बघत होती. कुर्त्यावरचं लाल फूल मी काढलं नव्हतं. सीटबेल्टखाली ते दबलं होतं.

"तिकीट अलीकडचं करते," मी म्हणाले. "दसऱ्याच्या दहा दिवस आधीचं चालेल?"

"पंधरा," आई म्हणाली. "घर झाडायला लागीन."

मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. घरी आल्यावर आईने माझ्या छातीवरचं फूल सरळ केलं. "मी तिथे असली काय अन् इथे असली काय," ती म्हणाली, "तुझं लालच आहे ना? मग कशाला जीव खातेस?"

ऑक्टोबरात मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा घरात पंचवीस-तीस माणसं होती. वाशीमकडचे अकराही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं काम आईने त्यांच्या थोरल्या सुनेला दिलं होतं. आई स्क्रीनवर दोन सेकंद आली, कपाळावर घाम, हातात झारा. "नंतर कर फोन," म्हणाली आणि बंद केला. त्या दोन सेकंदांत मला ती नीट दिसली. कोणाचा हात थरथरत नव्हता.

पुढच्या वर्षी त्या सणाला मी एकटीच गारलंडला गेले. पांढराच कुर्ता घातला, सवय ती सवय. दारात तीच दोन ताटं. मला माहीत होतं कुठलं घ्यायचं, तरी हात पुढे करण्याआधी मी नागपूरला फोन लावला. तिथे रात्रीचे साडेआठ वाजले असणार. रिंग वाजत राहिली. आठ, नऊ, दहा. ताटांमागची मुलगी वाट बघत होती, माझ्यामागे रांग वाढत होती, आणि माझा हात दोन ताटांच्या मध्ये तसाच. फोन आपोआप कट झाला. मी बाजूला होऊन पुन्हा लावणार, तेवढ्यात तिचाच आला.

"काऊन फोन करतेस वाचनाच्या वेळी?" आई खेकसली. तिच्यामागे विहारातल्या बाया हसत होत्या. वर्षावासाचं, पावसाळ्यातलं ग्रंथवाचन चालू होतं आणि वाचणारी तीच. "कोणी मेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "कोणी नाही."

"मग ठेव!"

मी ठेवला. लाल फूल उचललं आणि त्या मुलीकडे दिलं.

"जरा घट्ट लाव," मी तिला म्हणाले.